तलफेच्या क्षणी स्मृती : तंबाखूमुक्तीसाठी सजगता आणि मोबाइल संदेश

बिडी-सिगारेट सोडण्याचा निश्चय करून चिकित्सालयाबाहेर पडलेला रुग्ण पुढील भेटीस पुष्कळदा येतच नाही. आला तरी ‘आठ दिवस सोडली होती, मग पुन्हा लागली’ एवढेच संकोचाने सांगतो. आपण पुन्हा उपदेश करतो, पुन्हा चूर्ण लिहून देतो आणि तेच चक्र फिरत राहते. यात रुग्णाचा निश्चय खोटा नसतो आणि वैद्याचा उपदेशही वाया गेलेला नसतो. निश्चय चिकित्सालयात होतो, त्याची परीक्षा मात्र अन्यत्र होते, हे खरे कारण आहे. ती परीक्षा चहाच्या टपरीवर, जेवणानंतरच्या दहा मिनिटांत, पाळी सुटल्यावर कारखान्याच्या फाटकाशी किंवा घरातील वादानंतर होते. त्या वेळी वैद्य जवळ नसतो आणि चूर्णाची पुडी घरी असते. ही मधली पोकळी कशी भरून काढावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचा आवाका

२०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करत होते. धूम्रपान करणारे १०.७ टक्के, तर चघळण्याची वा धूररहित तंबाखू वापरणारे २१.४ टक्के होते. काहीजण दोन्ही वापरत असल्याने ही बेरीज एकूण आकड्याहून अधिक भरते. महाराष्ट्रात हेच प्रमाण एकूण २६.६ टक्के असून त्यात धूम्रपान केवळ ३.८ टक्के व धूररहित तंबाखू २४.४ टक्के होती. गोव्यात एकूण प्रमाण ९.७ टक्के होते. आपल्या राज्यात बिडीपेक्षा चुना-तंबाखू, खर्रा व मिश्री यांचेच रुग्ण अधिक भेटतात, हा आपला नित्याचा अनुभव या आकड्यांशी जुळतो.

याच सर्वेक्षणातील आणखी दोन आकडे वैद्यवर्गाने लक्षात ठेवावेत असे आहेत. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक ते सोडण्याचा विचार वा बेत करत होते. परंतु वर्षभरात ज्यांनी एखाद्या आरोग्य-व्यावसायिकाची भेट घेतली, त्यांपैकी ४८.८ टक्के धूम्रपान करणाऱ्यांना आणि धूररहित तंबाखूच्या ३१.७ टक्के सेवकांनाच ती सोडण्याचा सल्ला मिळाला होता. म्हणजे सोडण्याची इच्छा रुग्णाकडे आहे, तिला हात देणारा माणूस मात्र सर्वांना मिळत नाही.

‘नकळत’ व्यसनमुक्तीचा भ्रम

ही उणीव बाजाराने वेगळ्याच मार्गाने भरून काढली आहे. ‘रुग्णाच्या नकळत चहात वा भाजीत मिसळून द्या, व्यसन आपोआप सुटेल’ अशा जाहिराती आपण भिंतींवर व छापील पत्रकांत पाहतो. अशी चूर्णे मागणारे नातेवाईक आपल्या औषधालयांच्या फळीपर्यंतही येतात. त्यांची तळमळ खरी असते आणि म्हणूनच त्यांची दिशाभूल सहज होते.

अशा योजनेत दोन मोठे दोष आहेत. पहिला दोष नीतीचा आहे. जाणत्या प्रौढ माणसास त्याच्या संमतीविना औषध देणे वैद्यधर्मास सोडून आहे. शिवाय त्याला अन्य कोणती औषधे चालू आहेत हे देणाऱ्यास ठाऊक नसते. दुसरा दोष उपपत्तीचा आहे. व्यसन हे मुळातच नकळत चालणारे कर्म आहे. हात खिशाकडे जातो, काडी ओढली जाते आणि अर्धी बिडी संपल्यावर माणसास ती ओढत असल्याचे भान येते. जे नकळत चालते ते नकळत देऊन कसे सुटेल? त्यावरचा उपाय जाणिवेचाच असावयास हवा.

प्रज्ञापराध व स्मृती

तंबाखू ही अमेरिका खंडातील वनस्पती. ती पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली, त्यामुळे प्राचीन संहितांत तिचा उल्लेख असण्याचा संभवच नाही. परंतु अहितकर विषयाचे वारंवार सेवन मनुष्य जाणूनबुजून का करतो, या प्रश्नाचे उत्तर चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात देऊन ठेवले आहे. धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश झाला असता घडणारे अशुभ कर्म म्हणजे प्रज्ञापराध. तंबाखू सेवन करणाऱ्याची धी बहुधा शाबूत असते. वेष्टनावरील चित्र त्याने पाहिलेले असते, हे वाईट आहे हे तो आपणांसच सांगतो. ढळते ती धृती, आणि तिच्याही आधी ढळते स्मृती. तलफेच्या दोन-चार मिनिटांत ‘मी हे सोडले आहे, आणि अमुक कारणासाठी सोडले आहे’ ही आठवणच जागेवर नसते.

सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीने सत्त्वावजय ही तिसरी चिकित्सा सांगितली आहे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह हे तिचे स्वरूप होय. आपण पाठ्यक्रमात ती शिकतो, परंतु नित्य व्यवहारात तिला क्वचितच स्थान देतो. तिचे प्रत्यक्ष रूप कसे असावे याचे एक उत्तर आज ‘माइंडफुलनेस’ या नावाने पश्चिमेकडून येत आहे, आणि त्या शब्दाचा प्रवास मोठा बोधप्रद आहे. पाली भाषेतील ‘सति’ या शब्दास टी. डब्ल्यू. र्‍हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली योजलेला हा इंग्रजी प्रतिशब्द रूढ झाला. पाली ‘सति’ म्हणजेच संस्कृत ‘स्मृती’. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी दुर्धर वेदनांच्या रुग्णांसाठी तिचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या तीन वर्षे आधी, १९७६ पासून, आपल्या इगतपुरीत सत्यनारायण गोएंका यांच्या मार्गदर्शनाखाली विपश्यनेची शिबिरे भरू लागली होती. मराठीत या साधनेस ‘सजगता’ हा शब्द सोयीचा आहे.

तलफेस पाहणे

सजगतेचा अर्थ तलफ दाबणे असा नाही, तसेच तिला शरण जाणे असाही नाही. तलफ उठली की ती शरीरात कोठे जाणवते, कशी वाढते व कशी ओसरते, हे तटस्थपणे पाहणे म्हणजे सजगता. व्यसनाच्या पुनरावृत्तीवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी यास लाटेवर स्वार होण्याची उपमा दिली. लाट अडवता येत नाही, परंतु ती फुटेपर्यंत तिच्यावर तोल सांभाळता येतो. तलफेचा तीव्र आवेग बहुधा काही मिनिटांचाच असतो, त्यामुळे ही उपमा केवळ काव्यमय नाही.

रुग्णास हे चार पायऱ्यांत शिकवता येते. प्रथम ओळखणे : ‘ही तलफ आहे’ असे मनाशी म्हणणे. मग असू देणे : तिच्याशी झगडू नये व तिच्या मागेही जाऊ नये. तिसरे न्याहाळणे : घसा, छाती, हात व जीभ येथे नेमके काय होत आहे ते पाहणे. चौथे नोंद करणे : ‘घसा कोरडा’, ‘हात अस्वस्थ’, ‘आता कमी’ असे एकेका शब्दात क्षणोक्षणी म्हणत राहणे. श्वासाकडे लक्ष ठेवून हे पाच मिनिटे केले की बहुतेक वेळा लाट ओसरते. चिकित्सालयात रुग्णास समोर बसवून एकदा करवून घ्यावे, केवळ सांगून भागत नाही.

या पद्धतीचा पुरावा किती? येथे उत्साहास आवर घालणे आवश्यक आहे. येल विद्यापीठात जडसन ब्रूअर व सहकाऱ्यांनी ८८ धूम्रपान करणाऱ्यांवर केलेली चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चार आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर, आरंभापासून सतराव्या आठवड्यात, सजगता गटातील ३१ टक्के व प्रचलित समुपदेशन गटातील ६ टक्के लोक धूम्रपानमुक्त होते. हा निष्कर्ष सर्वत्र गाजला. परंतु २०२२ साली कॉक्रेन संस्थेने २१ अभ्यासांचा व आठ हजारांहून अधिक व्यक्तींचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सजगता ही तितक्याच तीव्रतेच्या अन्य समुपदेशनापेक्षा सरस असल्याचे स्पष्टपणे दिसून आले नाही. तात्पर्य, ही पद्धती चांगल्या समुपदेशनाच्या पंक्तीस बसते, त्याहून वरची आहे असे म्हणता येत नाही. आपल्याच परंपरेशी नाते सांगते म्हणून तिच्याविषयी अधिक दावा करणे योग्य ठरणार नाही.

संदेशाचे सामर्थ्य

याउलट मोबाइलवरील लघुसंदेशांचा पुरावा बराच भक्कम आहे. २००५ साली न्यूझीलंडमध्ये १७०५ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांनंतर संदेश मिळालेल्यांपैकी २८ टक्के, तर इतरांपैकी १३ टक्के लोकांनी धूम्रपान थांबवल्याचे सांगितले. तो रुग्णांच्या शब्दावर विसंबलेला निष्कर्ष होता. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ५८०० व्यक्तींच्या चाचणीत मात्र रासायनिक तपासणीने पडताळा घेण्यात आला. सहा महिने सतत धूम्रपानमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण संदेश गटात १०.७ टक्के व तुलना गटात ४.९ टक्के भरले. पहिले पाच आठवडे दररोज पाच व पुढील सव्वीस आठवडे आठवड्यास तीन असे संदेश पाठवले जात. तलफ आली किंवा पथ्य मोडले, तर रुग्णाने एक ठरलेला शब्द पाठवावा आणि त्यास तत्काळ आधाराचा संदेश मिळावा, अशीही सोय होती.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. संदेश मिळूनही शंभरांपैकी सुमारे नव्वद जणांना सहा महिन्यांचे सातत्य साधले नाही. परंतु शंभरांमागे पाच-सहा अधिक माणसे मुक्त झाली, आणि त्यासाठी लागला तो काही पैशांचा संदेश. आजन्म धूम्रपानाने होणारी हानी पाहता हा लाभ लहान नाही. २०१९ सालच्या कॉक्रेन आढाव्यातही अल्प साहाय्याच्या तुलनेत संदेशांमुळे यशाचे प्रमाण सुमारे दीडपट झाल्याचे आढळले, आणि अन्य उपचारांस संदेशांची जोड दिली असताही लाभ दिसला.

दोहोंची सांगड घालण्याचा प्रयत्नही झाला आहे. अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठातील क्लेअर स्पिअर्स यांनी सजगतेच्या साप्ताहिक वर्गांना मोबाइल संदेशांची जोड देऊन एक प्राथमिक चाचणी केली. ती जेमतेम सत्तरेक व्यक्तींवरील होती, त्यामुळे तिच्यावरून यशाचे प्रमाण ठरवता येणार नाही. तिच्यातील कल्पना मात्र आपणांस घेण्याजोगी आहे. वर्गात शिकलेली सजगता तलफेच्या वेळी आठवत नाही, ती आठवून देण्याचे काम संदेशाने करावयाचे. आपल्या परिभाषेत बोलायचे तर संदेश हा स्मृतीचा टेकू होय.

आपल्या देशातही आरोग्य मंत्रालयाने जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या साहाय्याने २०१६ साली तंबाखूमुक्तीची संदेश-योजना सुरू केली. केवळ एक मिस्ड कॉल देऊन नाव नोंदवता येत असे, आणि पुढे तिच्यात वीस लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली. याच वर्षी दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेत राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवाही सुरू झाली. १८००-११-२३५६ हा तिचा निःशुल्क क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या वेष्टनांवर छापला जाऊ लागला. रुग्णाच्या हाती असलेल्या पाकिटावरच हा क्रमांक आहे, हे त्याच्या निदर्शनास आणून द्यावे.

चिकित्सालयातील योजना

लहान चिकित्सालयातही पुढील क्रम आचरता येईल.

१. प्रत्येक रुग्णास तंबाखूविषयी विचारावे आणि नोंद करावी. किती, केव्हा, कोणाबरोबर व कोणत्या प्रसंगी, हे लिहून घ्यावे. दिवसातील धोक्याच्या तीन वेळा निश्चित कराव्यात.

२. सोडण्याची तारीख ठरवावी. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील पादांशिक क्रम आपणांस परिचित आहे : अहितकर सवय अंशाअंशाने सोडावी व हितकर सवय तशीच अंगी बाणवावी. इंग्लंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ६९७ व्यक्तींच्या चाचणीत एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर दोन आठवड्यांत कमी करत सोडणाऱ्यांपैकी ३९.२ टक्के लोक चार आठवड्यांनंतर मुक्त होते. पुढे २०१९ सालच्या व्यापक आढाव्यात दोन्ही पद्धतींत फरक दिसला नाही. यास्तव रुग्णाचा कल पाहून क्रम ठरवावा. कमी करत जाणे चालेल, परंतु शेवटच्या दिवसाची तारीख लिहिलेली हवी.

३. संमती घेऊन मोबाइल क्रमांक नोंदवावा. फोन कोणाचा आहे, संदेश घरात आणखी कोण वाचते, रुग्णास वाचता येते का, हे आवर्जून विचारावे. मिश्री लावणाऱ्या भगिनींकडे स्वतःचा फोन नसणे असंभव नाही. वाचन अवघड असल्यास वैद्याच्या आवाजातील ध्वनिसंदेश पाठवावा.

४. पहिले दोन आठवडे दिवसास दोन संदेश धोक्याच्या वेळेच्या थोडे आधी, पाचव्या आठवड्यापर्यंत दररोज एक, पुढे सहा महिने आठवड्यास दोन, असा आराखडा एका सहायकासही सांभाळता येईल. हे वेळापत्रक कोणत्याही चाचणीतून घेतलेले नाही, केवळ सोयीसाठी सुचवले आहे.

५. रुग्णाने ‘तलफ’ किंवा ‘ओढली’ एवढाच शब्द पाठवावा आणि त्यास तयार ठेवलेले उत्तर लगेच जावे.

संदेश लहान, आदराचे व एकाच कृतीचे असावेत. काही नमुने देत आहे :

‘जेवण झाले असेल. हात खिशाकडे गेला का? आधी दहा श्वास मोजा.’

‘आता तलफ कोठे जाणवते, घशात की हातात? फक्त पाहा. पाच मिनिटांनी पुन्हा पाहा.’

‘आज सातवा दिवस. चिडचिड व झोपमोड हे सुटत असल्याचे लक्षण आहे. पुढे कमी होईल.’

‘टपरीवर आज चहा घ्या, पण पाठ पाकिटांकडे करून बसा.’

‘तुम्ही कोणासाठी सोडली ते आज एकदा आठवा.’

‘ओढली’ या शब्दास उत्तर : ‘कळवलेत हे चांगले केले. एक ओढली म्हणजे सारे संपले नाही. पुढची टाळा. उद्या सकाळी आपण बोलू.’

या शेवटच्या संदेशास विशेष महत्त्व आहे. एकदा चूक झाली की ‘आता काय राहिले’ म्हणून माणूस पूर्ववत ओढू लागतो, तो रुग्ण लाजेमुळेच आपल्यापासून तुटतो. रागावणारा संदेश कधीही पाठवू नये.

सावधगिरीचे मुद्दे

तंबाखू थांबवल्यावर पहिल्या आठवड्यात लक्षणे तीव्र असतात व बहुधा दोन ते चार आठवड्यांत निवळतात. चिडचिड, निद्रानाश व भूक वाढणे यांबरोबर मलावष्टंभही होतो. ‘तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार खरी असते, आणि तेवढ्या एका कारणाने अनेकजण पुन्हा वळतात. तेथे कोमट पाणी, स्निग्ध आहार, मनुका व प्रकृतीनुसार मृदू अनुलोमन यांची योजना वैद्याने आधीच करावी. येथे आपले शास्त्र संदेशाहून अधिक उपयोगी पडते.

धुरातील घटकांमुळे काही औषधांचे यकृतातील विघटन वेगाने होत असते. धूम्रपान थांबताच थिओफायलिन, क्लोझापिन अशा औषधांची रक्तातील मात्रा वाढू शकते. असे रुग्ण, तसेच हृद्रोगी, गर्भिणी व तीव्र मानसिक विकार असलेले रुग्ण त्यांच्या चिकित्सकाच्या सल्ल्यानेच हाताळावेत. अवलंबित्व तीव्र असल्यास निकोटीन-प्रतियोजन वा व्हॅरेनिक्लिन यांसाठी तंबाखूमुक्ती केंद्राकडे पाठवण्यात कमीपणा मानू नये.

औषधालय चालकांसाठी तीन गोष्टी. पहिली, तोंडात ठेवण्यास पर्याय म्हणून सुपारी देऊ नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीसही कर्करोगकारक ठरवले आहे. बडीशेप, ओवा, लवंग वा आवळकाठी द्यावी. ज्येष्ठमध दीर्घकाळ देताना रक्तदाबाकडे लक्ष असावे. दुसरी, ‘वनौषधींची सिगारेट’ हा पर्याय नव्हे. कोणतेही पान जाळले तरी धुरात कार्बन मोनॉक्साइड व डांबर येतेच. संहितोक्त धूमपान ही मर्यादित काळ व मात्रा सांगितलेली चिकित्सा आहे, तिच्या नावाखाली दिवसभराची सवय खपवू नये. तिसरी, दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ साली बंदी घातली व १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. फळीवरील प्रत्येक मंजनाचे घटक वाचून घ्यावेत.

संस्थेमार्फत घाऊक संदेश पाठवावयाचे असल्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ सालच्या विनियमांनुसार प्रेषक व मजकूर यांची नोंदणी करून घ्यावी लागते. २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे भान ठेवून रुग्णांचे क्रमांक औषधांच्या जाहिरातीसाठी वापरू नयेत. आधाराच्या संदेशात विक्रीचा मजकूर मिसळला की रुग्णाचा विश्वास जातो, आणि या चिकित्सेत विश्वास हेच मुख्य द्रव्य आहे.

उपसंहार

‘नकळत’ देण्याचे चूर्ण मागावयास आलेल्या नातेवाइकास रिकाम्या हाताने परत पाठवणे कोणासही जड जाते. त्यास सांगता येईल असे आता आपल्याजवळ काही आहे. ‘त्यांना एकदा घेऊन या. त्यांच्या संमतीने तारीख ठरवू, तलफेकडे कसे पाहावे ते शिकवू, आणि सहा महिने त्यांच्या खिशात आमचा शब्द राहील.’ याने प्रत्येकजण सुटेल असे नाही. परंतु जे सुटतील ते स्वतःच्या जाणिवेने सुटतील. वैद्यबंधू-भगिनींनी येत्या तिमाहीत निदान पाच-पाच रुग्णांवर हा उपक्रम करून पाहावा, नोंदी ठेवाव्यात आणि यश-अपयश दोन्ही प्रामाणिकपणे संघटनेस कळवावे, अशी विनंती आहे.